कुंकवाचे तीस मायक्रॉन

जुना म्हणा मित्रांनो, माझी हरकत नाही. फक्त भंगार म्हणू नका. तो शब्द मी पंधरा-वीस दिवस अंगावर वागवला आहे, आणि ही त्याचीच हकीकत.

मी सातपूरच्या एका छोट्या कारखान्यातला प्लग गेज. वीतभर लांबीचा पोलादी दांडा आणि त्याच्या दोन टोकांना मनगटाएवढी जाड, गुळगुळीत डोकी. एका डोक्यामागे हिरवा पट्टा, दुसऱ्यामागे लाल. कारागिराने लोखंडात भोक पाडलं की माझं हिरवं टोक आत जायला हवं आणि लाल टोक बाहेरच अडायला हवं. हिरवं अडलं तर भोक लहान, लाल आत गेलं तर भोक मोठं. दोन्ही वेळा माल नापास. 'गो' आणि 'नो-गो', एवढे दोनच शब्द मला येत. पण सव्वीस वर्षं या दोन शब्दांवर मी भल्याभल्या कारागिरांना मान खाली घालायला लावली आहे.

मला घडवलं धोंडीरामकाकांनी. वणीकडचा माणूस, बोटं जाडजूड, पण हात असा हलका की दुधावरची साय न मोडता उचलावी. तीन दिवस बसून त्यांनी मला घासलं आणि शेवटची झिलई तर तळहातानेच दिली. तेव्हा कारखान्याचे मालक शेखरसाहेब तरुण होते. अग्निशामक बंबांच्या पाइपांना जोडायची कपलिंगं ते बनवत. प्रत्येक कपलिंगच्या भोकात मी शिरून पाहायचो. माझ्याशिवाय एकही पेटी बंद होत नसे. मी डबीतून बाहेर आलो की लेथवरचा महेश म्हणायचा, "आले जजसाहेब." ते दिवस सोन्याचे होते.

मग ती आली.

चार वर्षांपूर्वी, क्रेनने, फुगेवाल्या प्लास्टिकमध्ये गुंडाळून. मोजमापाचं परदेशी यंत्र. काळ्या दगडाचं टेबल, वर सरकणारा हात, आणि हाताच्या टोकाला माणकाचा इवलासा मणी. तो मणी मालाला नुसता टेकतो आणि माप पडद्यावर उमटतं. कामगारांनी पहिल्याच दिवशी तिचं नाव महाराणी ठेवलं. मित्रांनो, मी कुढणाऱ्यांपैकी नाही, मी फक्त नोंद ठेवतो. तिला स्वतंत्र खोली, मला लाकडी डबी. तिला भर मे महिन्यात वीस अंशांची थंड हवा, मला तेलकट फडकं. तिच्या दारात चपला काढायच्या, माझ्या डबीवर चहाचा ग्लास ठेवायचा. पाहुणे आले की तिच्यासोबत फोटो. मी एका फोटोत आलो होतो, पण तो कोपरा नंतर कापला.

तिच्यासोबत हर्षाली आली. पिंपळगाव बसवंतची मुलगी, डिप्लोमा झालेली, डोळ्यांत तेल घालून काम करणारी. काका तिला तोंडावर 'मॅडम' म्हणत, आणि तो शब्द असा उच्चारत की त्यात मान सोडून बाकी सगळं असे. तीही काही कमी नव्हती. काका माल तपासून सही करायचे तेव्हा ती हळूच म्हणायची, "बघितलं तरी का नीट?" दोघांच्या टेबलांमध्ये जेमतेम बारा पावलं अंतर. तीन वर्षांत एकमेकांना काही विचारायला ती बारा पावलं कोणी चाललं नाही.

मागच्या वर्षी मोठी ऑर्डर आली. शेखरसाहेबांनी सगळ्यांना जमवून सांगितलं. जगात देशांच्या दोन मोठ्या संरक्षण आघाड्या आहेत, म्हणाले. एकीचं दुसरीशी फारसं जमत नाही. मध्यंतरी एका बंदराला आग लागली. त्याच सकाळी बंदराची वीज गेली, फोन बंद पडले, आणि 'पाणी विषारी झालंय, पळा' असा निरोप घरोघरच्या मोबाइलवर फिरला. सैन्य कुठे दिसलं नाही, गोळी कुठे सुटली नाही, पण बंदर बसलं.

"याला ते लोक हायब्रिड हल्ला म्हणतात," साहेब म्हणाले.

"म्हणजे काय वो?" काकांनी विचारलं.

"काका, मिसळ समजा. मटकी वेगळी, फरसाण वेगळं, तर्री वेगळी. एकेक खाल्लं तर काही नाही. सगळं एका वाटीत आलं की नाकातून पाणी."

मदतीला दोन्ही आघाड्यांचे बंब धावले होते. पण एकाच्या पाइपाचं तोंड दुसऱ्याला बसेना. शेजारी शेजारी उभे राहून दोघेही बघत राहिले. तेव्हा कुठे शहाणपण सुचलं आणि दोघांनी मिळून ठरवलं की एक जोड-कपलिंग बनवायचं, एका बाजूला याचं तोंड, दुसऱ्या बाजूला त्याचं. पहिली तीनशे कपलिंगं नाशकात बनणार होती. ती पास झाली तर पुढची कितीतरी वर्षं कारखान्याला काम, नाही झाली तर ऑर्डर दुसरीकडे. आणि मधल्या भोकाचं माप निघालं ते नेमकं माझं! मी डबीत इतका फुगलो की हिरवं टोक तिथल्या तिथे नापास झालं असतं.

पण दसऱ्याच्या पंधरा दिवस आधी हर्षालीने सगळ्या हत्यारांची यादी केली. माझ्या डबीवर तिने पिवळी चिठ्ठी लावली: 'तपासणीची मुदत संपली. परदेशी पाहुणे येण्याआधी भंगारात.' पाहुणे दसऱ्यानंतरच्या सोमवारी येणार होते.

काकांनी चिठ्ठी वाचली. चहाचा ग्लास त्या दिवसापासून डबीवर ठेवला नाही.

खंडेनवमीला कारखान्यात हत्यारांची पूजा झाली. पाने, छिन्न्या, पक्कडी, सगळे धुऊनपुसून फळीवर मांडले. महाराणीला झेंडूचा हार, बावीस फुलांचा, मी मोजली. काका कुंकवाची वाटी घेऊन तिच्या मण्याकडे वळले तेवढ्यात हर्षाली आडवी आली.

"काका, तिथे नको! त्या टोकाला बोट नाही लावायचं."

"देवाचं कुंकू हाय, मॅडम. रोग नाय."

"हार घातलाय ना? तेवढं पुरे."

काका आल्या पावली परत फिरले. वाटीतलं उरलेलं सगळं हळद-कुंकू त्यांनी माझ्यावर वाहिलं. दोन्ही टोकांना बोट भरभरून, वर अक्षता, वर एक फूल. "तुझी शेवटची पूजा हाय बाबा," एवढंच म्हणाले. मी मात्र शेवटची वगैरे काही ऐकलं नाही. मी फक्त पाहिलं की तिला कुंकू नाही आणि मला आहे. दोन दिवस मी त्या लाल लेपात राजासारखा पडून होतो. रिवाजाप्रमाणे दसरा सरेपर्यंत कोणी हत्यार उचललं नाही, आणि अंगावरच्या तेलात कुंकू छान मुरून वाळलं.

दसऱ्याच्या दिवशी दोन गोष्टी घडल्या. कामगारांच्या मोबाइल ग्रुपवर कुठल्याशा अनोळखी नंबरावरून निरोप आला की परदेशी ऑर्डर रद्द झाली, सोमवारी गेटला कुलूप. आणि शेखरसाहेब व हर्षाली या दोघांनाच एक मेल आला. वर एका आघाडीच्या कार्यालयाचं नाव, शिक्का, सगळं नीटनेटकं. मजकूर असा: भोक तीस मायक्रॉनने मोठं करा. उरलेली साठ कपलिंगं लगेच नव्या मापाने कापा. ती बरोबर आली तर तयार झालेली दोनशे चाळीसही पुन्हा कापून मोठी करा. बाब गुप्त आहे, इतरांना सांगू नका. आमच्याकडे सुट्टी आहे, शंका असेल तर खालच्या नंबरावर बोला.

तीस मायक्रॉन म्हणजे किती, तर तुमच्या डोक्यावरच्या केसाच्या जाडीचं अर्धंसुद्धा नाही. पण तेवढ्याने आतली रबरी रिंग सैल बसते. साध्या धारेला काही कळत नाही. पूर्ण दाब आला, ऐन आगीत, की कपलिंग गळतं.

शुक्रवारी कामावर निम्मीच माणसं आली. बाकीची अफवेने घरी बसली. जी आली त्यांची डोकी भडकलेली. त्यांना समजावण्यात साहेबांची सकाळ गेली, आणि त्या गोंधळात मेलचा विचार करायला कोणाला सवड राहिली नाही. हर्षालीने महाराणीला नवं माप शिकवलं. महेशने साठातली पहिली वीस कपलिंगं कापली. महाराणीने मणी टेकवला आणि वीसच्या वीस पास केली. अर्थात, तिला जे माप सांगितलं त्या मापानेच ती मोजणार.

मग माल काकांकडे आला. काकांना नव्या मापाचं कोणी सांगितलंच नव्हतं. त्यांनी मला पुसलं. हिरवं टोक लख्ख पुसलं. लाल टोकावरचं कुंकू लाल पट्ट्याच्या रंगात मिसळून गेलं होतं, ते तसंच राहिलं.

हिरवं आत गेलं. लाल अडलं. पास.

मित्रांनो, इथे मला तुमच्याकडे बघवत नाही. मला कळलं होतं. पोलादाला भोकाचा सैलपणा कळतोच. लाल टोक अडत होतं ते पोलादाने नाही, कुंकवाच्या लेपाने. तोंड नसलेल्याने बोलायचं कसं, हे खरं. पण मला बोलायचंही नव्हतं. महाराणी 'हो' म्हणाली असताना मी 'नाही' म्हटलं, तर म्हातारा चळला म्हणतील. आणि हे कुंकू तर माझा मान, माझी बावीस फुलं! मी वीस वेळा तो लेप अंगावर मिरवत भोकाच्या तोंडाशी अडलो. काकांनी वीस वेळा खूण केली.

हर्षालीने काकांची सही पाहिली आणि ओठ मुडपले. जुन्या मापाच्या गेजने नवा माल पास कसा झाला, हा प्रश्न तिला पडायला हवा होता. तिला वाटलं ते वेगळंच: "म्हणजे काका न बघताच सही करतात." सोमवारी साहेबांना सांगू, असं तिने मनात ठेवून दिलं.

साहेबांनी दोन सह्या पाहिल्या. "दोघंही हो म्हणतात ना? मग उद्या सकाळी दोनशे चाळीसच्या पेट्या उघडा."

एकदा भोक मोठं केलं की पुन्हा लहान होत नाही. हे तुम्ही लक्षात ठेवा, मला तर रात्रभर दुसरं काही सुचलं नाही.

शनिवारी सकाळी पॅकिंगच्या सविताने पेट्यांच्या पट्ट्या कापल्या. महेशने पहिलं तयार कपलिंग मशीनवर चढवलं. काका आपल्या टेबलाशी चहा घेत होते. हाताला चाळा म्हणून त्यांनी कालचं एक कपलिंग ओढलं आणि मला लावलं. हिरवं गेलं. मग लाल.

वीस वेळा घासून लेप झिजला होता. लाल टोक सर्रकन आत गेलं.

काकांचा चहा हातातच राहिला. दुसरं कपलिंग घेतलं, गेलं. तिसरं, गेलं. त्यांनी मला डोळ्यांशी धरलं. भोकाच्या कडेला पुसटशी गुलाबी रेघ, अंगठ्यावर लाल डाग. सव्वीस वर्षं हेच काम केलेला माणूस, त्यांना क्षणात उमजलं. आणि त्यांनी मला झटकन खिशात टाकलं.

खिशातून मला त्यांचं काळीज ऐकू येत होतं. सांगावं तर स्वतःच्या हाताने केलेली चूक, तीही कुंकवाची. पोरं वर्षभर हसतील. माझ्यावर भंगाराची चिठ्ठी आहेच, त्या चिठ्ठीवर शिक्का बसेल. न सांगावं तर काय, महाराणीने तर पास केलंय, नाव तिचं जाईल. खरं सांगतो, माझ्या पोलादात त्या घटकेला एकच विचार होता: जाऊ दे तिचंच नाव.

तिकडे महेशने मशीनचं दार लावलं.

"महेश! हात काढ बटनावरचा!" काका ओरडले. "चालू करशील तर बघ!"

आणि ते बारा पावलं चालले. थंड खोलीच्या दारात थांबले, वाकून चपला काढल्या.

"पोरी, माझी चूक झाली," ते म्हणाले. पहिल्यांदाच 'पोरी'. "गेजला कुंकू राहिलं व्हतं. कालचा सगळा माल नापास हाय. भोकं मोठी झाली."

हर्षालीने वर पाहिलं. "मोठी होणारच ना काका. तुमचा गेज जुन्या मापाचा. नव्या मापात लाल टोक जायलाच पाहिजे. उलट काल का गेलं नाही, हेच मला..." ती थबकली. "कुंकू?"

"नवं माप? कसलं नवं माप?"

"मेल आला होता. तुम्हाला... सांगायचं नव्हतं."

"मला सांगायचं नाय? सव्वीस वर्षं भोकं कोण तपासतं इथं?"

तिने पडदा त्यांच्याकडे वळवला आणि मेल मराठीत वाचून दाखवला. काका ऐकत होते. 'गुप्त' या शब्दाशी त्यांनी हात वर केला. "थांब. मागं एकदा माप बदललं तवा आधी फोन आला, मग सहीचा कागद आला. तयार माल पुन्यांदा कापा असं तर कोणीच म्हणत नाय. येडं हाय का कोण?"

"मी खाली दिलेल्या नंबरवर फोन केला होता काका. तो माणूस म्हणाला, बरोबर आहे."

"त्यानंच दिलेल्या नंबरावर त्यालाच विचारलंस व्हय?"

हर्षालीचा चेहरा उतरला. काकांनी खिशातून तेलकट डायरी काढली. ऑर्डर आली त्या दिवशी त्यांनी दोन्ही आघाड्यांच्या माणसांचे नंबर स्वतःच्या हाताने लिहून घेतले होते, वळणदार अक्षरात, चुकीच्या स्पेलिंगसह. हर्षालीने फोन लावला. पलीकडून उत्तर आलं: आम्ही असा कोणताही मेल पाठवलेला नाही.

तिने फोन खाली ठेवला. मग म्हणाली, "यंत्र खरं, गेज खरा, काका. कागद खोटा होता."

"आन आपण दोघं शाणे," काका म्हणाले.

वीस कपलिंगं गेली. दोनशे चाळीस वाचली. महेशने चढवलेलं एक तसंच्या तसं खाली उतरवलं.

सोमवारी दोन पाहुणे आले. एका आघाडीकडून उंच बाई, दुसरीकडून टक्कल पडलेले गृहस्थ. दोघं एकाच गाडीतून आले, पण टेबलाच्या दोन टोकांना बसले. दोघांचे अर्ज वेगळे, तोच प्रश्न दोनदा विचारायचे, एकाने लिहिलेलं दुसऱ्याला दिसू नये म्हणून फाइल तिरकी धरायचे. मला हे फार ओळखीचं वाटलं.

साहेबांनी आधीच बजावलं होतं, "काका, कुंकवाचं काही बोलायचं नाही. माल चांगला आहे, दाखवू आणि मोकळे होऊ."

काकांनी ऐकून घेतलं. आणि पाहुण्यांनी "काही अडचण आली का?" असं विचारताच उभे राहिले. "हर्षाली, सांग त्यांना. सगळं सांग. कुंकू म्हणजे काय ते पण सांग."

साहेबांनी कपाळाला हात लावला. हर्षालीने सांगितलं, काकांची चूक आणि तेवढ्याच आवाजात स्वतःची. खोटा मेल, खोटा नंबर, अफवा, तिने काकांना विचारलं नाही, काकांनी तिला विचारलं नाही. बाईंनी मला हातात घेऊन लाल टोक निरखलं.

मग टकलू गृहस्थांनी फाइल मिटली. हर्षालीने त्यांचं बोलणं आम्हाला मराठीत सांगितलं: असाच मेल त्यांच्या कार्यालयात नऊ दिवसांपूर्वी आला होता, बाईंच्या आघाडीच्या नावाने. खोटा आहे हे त्यांनी ओळखलं. पण कळवलं नाही. फजिती त्यांची होतेय, होऊ दे, असं वाटलं.

बाई लाल झाल्या. मग म्हणाल्या, आमच्याकडेही आला होता, तुमच्या नावाने.

काकांनी हर्षालीला विचारलं, "म्हणजे या दोघांतल्या एकानं फोन केला असता तर आपल्यापर्यंत आलंच नसतं?"

"नसतं काका."

"हे पण सांग त्यांना."

तिने सांगितलं. बाई उठल्या, खुर्ची घेऊन टेबलाच्या दुसऱ्या टोकाला गेल्या आणि दोघांनी मिळून एकाच अर्जावर लिहायला घेतलं. कोणतंही माप बदललं तर दोन्ही आघाड्यांना फोन, तोही आधीपासून लिहून ठेवलेल्या नंबरावर. संशयास्पद काही आलं तर त्याच दिवशी एकमेकांना कळवायचं, मग लाज वाटो वा न वाटो. दोनशे चाळीस कपलिंगं पास झाली, उरलेली साठ जुन्याच मापाने करायची ठरली, पुढच्या ऑर्डरीवरही सही झाली. मेल कोणी पाठवला होता ते अजून कळलेलं नाही.

जाता जाता गृहस्थांनी माझ्या पिवळ्या चिठ्ठीकडे बोट दाखवलं. मुदत संपलेलं हत्यार चालणार नाही. नियम तो नियम.

"भंगारात टाकायच्या आधी मोजून तर बघू," हर्षाली म्हणाली.

आणि मित्रांनो, मी महाराणीच्या काळ्या दगडावर झोपलो! वीस अंशांच्या हवेत! तो माणकाचा मणी माझ्या अंगाला बेचाळीस वेळा टेकला, इतका हलका की काकांच्या तळहाताची आठवण झाली. तिने कसलाही आकस न धरता निकाल दिला: लाल टोक अजून अचूक, हिरवं टोक झिजून बाद. सव्वीस वर्षं भोकांत जाऊन जाऊन ते बारीक झालं होतं, आणि हेव्याने पेटलेल्या मला त्याचा पत्ताही नव्हता. हे तिच्याशिवाय मला कोण सांगणार होतं?

हर्षालीने हिरव्या टोकाला टेप गुंडाळली आणि नवी चिठ्ठी लावली: 'फक्त नो-गो. वापरात.' आता मला एकच शब्द येतो. पण महाराणीने पास केलेला माल त्या एका शब्दासाठी माझ्याकडे येतो, आणि मी पास केलेला तिच्याकडे जातो. त्या बारा पावलांवर आता फरशी झिजायला लागली आहे.

यंदाच्या खंडेनवमीला काकांनी कुंकू माझ्या डबीच्या झाकणाला लावलं, मला नाही. महाराणीला चोवीस फुलांचा हार. मला एक फूल. नोंद मी ठेवली आहे, स्वभाव एकदम कसा जाईल?

तेव्हा मित्रांनो, माझं एवढं ऐका. घरातली, शाळेतली, कारखान्यातली जुनी हत्यारं फेकण्याआधी एकदा मोजून बघा. पूजा करा, पण नंतर नीट पुसा. आणि शेजारी बसलेल्याचा हेवा वाटला, तर वाटू द्या. पण त्याच्या कामात काही सैल लागलं, तर त्याच दिवशी बारा पावलं चालून जा आणि त्याला सांगा. चपला दारात काढायला विसरू नका.